सनातूचा हात

दुसरीच्या घंगाळात न बोलावता हात घालायचा नाही, हे त्या गावात पोरींना कुणी मुद्दाम शिकवत नाही. आईच्या पाठीला फडक्याने बांधलेल्या असतात तेव्हाच त्यांना ते कळून चुकतं. पाणी आणून द्या, चुलीतली लाकडं सारा, तिच्या कपाळावरचा घाम पुसा, काही हरकत नाही. पण बाई एकदा कोपरापर्यंत तेलबियांच्या लगद्यात शिरली की ते घंगाळ तिचं. तिने मान वर करून ‘या’ म्हटलं तरच दुसरीने हात धुवायचे.

सनातूला चाळीस वर्षं सगळं गाव ‘या’ म्हणत आलं होतं.

शिया म्हणजे तिकडचं एक रानझाड, आणि त्याच्या बियांचं तेल काढणं म्हणजे काही खायचं काम नाही. पहाटे रानात जाऊन फळं वेचा, वरचा गोड गर खाऊन बिया उकडा, वाळवा, फोडा, आतले दाणे कुटा, भाजा, डोक्यावर घेऊन जा, गिरणीतून दळून आणा. एवढं करून हाती काय येतं, तर चिखलासारखा तपकिरी लगदा. तो घंगाळात घालून, पाणी शिंपडत, हाताने फेटत बसायचं. दंडात गोळे येतात, पाठ धरते, आणि मग केव्हातरी लगदा राखाडी होतो आणि पांढरं लोणी वर यायला लागतं. ते धुऊन कढवलं की तेल, निवलं की पुन्हा घट्ट. पण लगदा फिरायच्या त्या घटकेला पाणी गार हवं की कोमट, हे चुकलं तर सगळी मेहनत पाण्यात. ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळतं. सनातूच्या बोटांना ते घंगाळात शिरल्या शिरल्या कळायचं. हटून बसलेलं घंगाळ तिने दोन ओंजळी पाण्यात ताळ्यावर आणलं नाही, असं एकही घर त्या गावात सापडायचं नाही.

आणि त्याच बोटांच्या जिवावर ती दिराच्या घरात राहिली होती. तिचा नवरा यिदाना जाऊन चार वर्षं झाली. दोन मुली झाल्या होत्या, दोघीही दात यायच्या आत गेल्या. मुलगा नाही. अशा बाईने नवऱ्याचं सुतक संपलं की गाठोडं बांधायचं आणि भावाच्या दारात जाऊन उभं राहायचं, ही तिकडची रीत. सुतक फिटलं त्या दिवशी सनातूने गाठोडं बांधूनही ठेवलं होतं. पण दीर नेंदौ म्हणाला, राहा वहिनी, घर तुमचंच आहे. घर वगैरे ठीक आहे. खरं म्हणजे त्या घराचं तेल शहरातल्या बाया नाव घेऊन मागायच्या, ते पुढे परदेशात कुठे कुठे गोऱ्या बायकांच्या तोंडाला आणि केसांना जायचं, आणि ते कुणाच्या हातचं आहे हे नेंदौला पक्कं ठाऊक होतं.

सनातूचं मागणं फार मोठं नव्हतं. अंगणाच्या कडेची ती मातीची गोल खोली, तिथेच मरावं, आणि यिदानाच्या शेजारी पुरावं. बस. गेलेल्या माणसाला न्हाऊ घातलं की अंगाला तेल चोळतात. त्यासाठी तिने एक छोटा वाळलेला, पोकळ भोपळा स्वतःच्या हातच्या तेलाने भरून आढ्याला टांगून ठेवला होता. दर वर्षी जुनं काढून वापरायची आणि नवं भरायची. फुसेना, म्हणजे नेंदौची थोरली बायको, एकदा हसून म्हणाली होती की आमच्या आक्कांनी मरणाची तयारी केलीय, तारीख तेवढी राहिलीय. सनातूही हसली होती.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला, पण एकदम आला. मका पेरायची घाई आणि शियाची फळं पडायची घाई एकाच वेळी उठली. घरातल्या सगळ्या जणी अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघायच्या, ओल्या गवतात हात घालून फळं चाचपायच्या. अडिसाला, म्हणजे नेंदौच्या धाकट्या बायकोला, विंचू चावला. तिचा हात चार दिवस भोपळ्याएवढा सुजला होता. वेचलेलं दुपारपर्यंत घरी आणायचं, आणि मग पुन्हा शेतात. बिया उकडून वाळत घालायचं काम सुनेकडे दिलं होतं.

सून म्हणजे वुम्पिनी, फुसेनाच्या मुलाची बायको. एकोणीस वर्षांची, अंगाने काडी. नवरा दक्षिणेला कोकोच्या मळ्यावर कामाला गेलेला. गेल्या वर्षी धुळीच्या वाऱ्याच्या दिवसांत तिचं तान्हं तापाने गेलं. तेव्हापासून फुसेना तिच्याशी बोलताना तिच्याकडे बघायची नाही, तिच्या पायांकडे बघायची. या पोरीच्या पायाने घरात काय आलं, हे तिने तोंडाने कधी म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही.

एका सकाळी सनातू चुलीतली राख टाकायला मागच्या ढिगाऱ्यावर गेली. तिथे तिला राखेखाली पांढरं पांढरं काही दिसलं. काठीने उकरलं. शियाचे कोंब होते, बोटभर लांब, मुठी मुठींनी. कुणीतरी ते बियांवरून खुडून इथे पुरले होते.

तिला काय झालं ते तिथल्या तिथे कळलं. वुम्पिनी बारशाला म्हणून माहेरी गेली होती, दोन दिवसांचे सहा झाले, आणि ओल्या बिया खताच्या प्लास्टिकच्या पोत्यांत तशाच राहिल्या. पोत्यात हवा नाही, वरून ऊब. बिया जमीन समजून रुजल्या. रुजलेल्या बीचं तेल कोंब पिऊन टाकतो, उरतो तो चोथा. पोरीने परत येऊन ते बघितलं असणार आणि तिची पाचावर धारण बसली असणार. मग कोंब खुडले, बिया उकडल्या, वाळत घातल्या. वाळल्यावर वरून काही कळत नाही.

सनातूने तिला नदीवर गाठलं. वुम्पिनी आधी नाही नाही म्हणाली, मग पाण्यातच खाली बसली आणि सनातूचे गुडघे धरले. म्हणाली, सासूबाईंना कळलं तर मला हाकलतील, आधीच त्यांना निमित्त हवंय, माहेरी बाप नाही, मी कुठे जाऊ. सनातूला तिची दया आली. चार वर्षांपूर्वी बांधून ठेवलेलं स्वतःचं गाठोडं आठवलं. ती म्हणाली, ऊठ, मी कुणाला सांगत नाही.

इथेच तिचं चुकलं, पण त्याला चूक म्हणणारं तेव्हा कुणी नव्हतं. शिवाय तिला थोडी घमेंडही होती, खोटं कशाला बोला. तिला वाटलं, दोघी मिळून वाईट बिया निवडून काढू, उरलेल्यातलं तेल माझे हात काढतील. चाळीस वर्षांत असं घंगाळ बघितलं नव्हतं जे तिचं ऐकणार नाही.

त्यांनी आठवडाभर दुपारच्या वेळी, बाकीच्या शेतात असताना, बिया फोडून आतला दाणा बघून निवडल्या. किती निवडणार? सगळ्या घराचं वर्षाचं वेचलेलं होतं ते. सनातूने स्वतः वेचलेल्या तीन टोपल्या तेवढ्या चांगल्या होत्या. त्या तिने पहिल्याच दिवशी उकडून आपल्या खोलीच्या छपरावर वाळत घातल्या होत्या.

पिकं कमरेला आली, निंदणी उरकली, आणि फेटायचा दिवस ठरला. शहरातली गाडी तेल न्यायला यायची होती. अंगणातल्या कडुनिंबाखाली तीन घंगाळं मांडली. एकाशी फुसेना, एकाशी अडिसा, एकाशी वुम्पिनी. सनातू मधे लाकडी चौरंगावर बसली, पाण्याच्या दोन घागरी जवळ घेऊन, एक गार, एक कोमट. ती कायम अशीच बसायची. तिघींनी कपडे खोचले आणि हात घातले. गप्पा चालू झाल्या. अडिसाने शहरातल्या गाडीवाल्याच्या पोटाची नक्कल केली, सगळ्या हसल्या.

ऊन डोक्यावर आलं तरी लगदा तपकिरीच. आधी गप्पा बंद झाल्या, मग गाणं बंद झालं. नुसता फटक फटक आवाज. सनातू तिघींच्या दंडांकडे बघत होती. वुम्पिनीचे ओठ पांढरे पडले होते आणि घाम हनुवटीवरून लगद्यात गळत होता. अडिसाने मान वर केली आणि म्हणाली, “आक्का, या. बघा तरी याला काय झालंय.”

सनातूने हात धुतले आणि अडिसाच्या घंगाळात घातले. बोटांना कळलं. लगद्यात जीवच नव्हता, वाळूत हात घातल्यासारखं झालं. तिने गार पाणी शिंपडून बघितलं, कोमट घालून बघितलं. फेस येऊन विरला. ती वुम्पिनीकडे गेली. वुम्पिनीने मान वर न करताच सरकून जागा दिली. सनातूने तिचे हात बाजूला केले आणि स्वतः फेटायला बसली, साठीची बाई, जेवढी ताकद होती तेवढी लावून. तेही नाही.

राहिली फुसेना. फुसेनाने बोलावलं नव्हतं. ती तोंड घट्ट मिटून फेटत होती, बोलावणारही नव्हती. पण सनातूला माहीत होतं की फुसेनाच्या घंगाळात निवडून घेतलेल्या चांगल्या बिया जास्त आहेत, आत्ता गार पाणी पडलं तर निदान थोडं तरी वर येईल, आणि थोडं आलं तर पोरीचं झाकलं जाईल. पाव घटकेचा प्रश्न होता. तिने विचार केला नाही. ती गेली, वाकली, आणि फुसेनाच्या दोन हातांच्या मधे आपला हात घातला.

फुसेना थांबली. तिने स्वतःचे हात बाहेर काढले आणि निथळत तसेच धरून बसली. सनातू फेटत राहिली. लोणी आलं नाही.

संध्याकाळी तिन्ही घंगाळं मागच्या ढिगाऱ्यावर उपडी केली, त्याच राखेवर. गिनी कोंबड्यासुद्धा त्याच्याकडे फिरकल्या नाहीत. शहरातली गाडी आली आणि दुसऱ्या गावाचं तेल भरून गेली.

दोन दिवसांनी फुसेनाने सनातूच्या तीन टोपल्या मागितल्या. सनातूने आनंदाने दिल्या, भाजून, गिरणीतून दळूनसुद्धा आणून दिल्या. पण फेटायच्या वेळी फुसेना म्हणाली, आक्का, तुम्ही आज मक्यावरची माकडं हाकायला जा, मुलं दमलीत. सनातू शेतात जाऊन बसली. दुपारी परत आली तेव्हा कडुनिंबाखालचं घंगाळ कडेपर्यंत पांढरंशुभ्र झालं होतं. एवढं सुंदर लोणी तिनेही फार वर्षांत बघितलं नव्हतं. आपल्याच बियांचं होतं ते, वेळेवर उकडलेल्या, छपरावर वाळवलेल्या. तिला इतका आनंद झाला की ती पुढे झाली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की अंगणातल्या बायका लोण्याकडे बघत नाहीयेत, तिच्याकडे बघताहेत.

तिने हात लावला ती तीन घंगाळं गेली. लावला नाही ते आलं.

त्यानंतरच्या गोष्टी सांगाव्या तर प्रत्येक इतकी बारीक की सांगणाऱ्यालाच लाज वाटावी. माठावरचा वाडगा तिने पाणी प्यायला उचलला की दुसरी बाई तो धुऊन घ्यायची. मक्याच्या पिठाचा उंडा आणि भेंडीचं कालवण आता तिला वेगळ्या वाडग्यात यायला लागलं, आधी सगळ्या जणी एकाच भांड्यात बोटं घालायच्या. शेजारची बाळंतीण रोज पोर मालिशीला आणायची, ती यायची बंद झाली. सनातू स्वतः गेली तर तिची सासू म्हणाली, पोराला आत्ताच चोळलंय. पोराचं अंग तर कोरडं दिसत होतं. बाजारातून येताना अडिसा पुढे चालायला लागली. अडिसा वाईट नव्हती. मागे वळून बघायची, कसनुसं हसायची, आणि पाऊल उचलायची.

सनातू वाट बघत होती. वुम्पिनी बोलेल, आज नाही उद्या बोलेल. पोरगी घाबरलीय, थोडी सावरू दे. एकदा विहिरीवर दोघीच होत्या तेव्हा ती म्हणाली, “अगं, आता तरी सांग. मी तुझ्या बाजूने उभी राहीन.” वुम्पिनीने घागर भरली, डोक्यावर घेतली. पाणी हिंदकळून तिच्या चेहऱ्यावरून ओघळलं. ती गावाकडे चालायला लागली.

मग नेंदौ दोन गावं पलीकडे एका जाणत्याकडे जाऊन आला. जाणत्याने कवड्या टाकल्या आणि सांगितलं की तुमच्या घरातच एक हात आहे, न बोलावलेला. बस, एवढंच सांगितलं. एवढ्याने काम झालं.

जुम्म्याची नमाज झाल्यावर नेंदौने घरातल्यांना बसवलं. भावकीतले दोन म्हातारे आले होते. नेंदौ भला माणूस, आवाज चढवणारा नाही. त्याने आधी यिदानाचं नाव घेतलं, त्याच्यासाठी दुवा मागितली, पावसाबद्दल बोलला. मग म्हणाला, वहिनी, घरात जे चाललंय त्याबद्दल तुम्हाला काही सांगायचंय का.

सनातूने वुम्पिनीकडे बघितलं. वुम्पिनी सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसली होती, पायाच्या टाचेची साल काढत. सनातू थांबली. एक म्हातारा खोकला, बाहेर बकरी ओरडली, नेंदौने टोपी काढून पुन्हा घातली. पोरगी मान वर करेना. तेव्हा सनातूला पहिल्यांदा भीती वाटली, खरीखुरी. तिच्या तोंडून निघून गेलं.

“बियांना कोंब आले होते, भावोजी. पोत्यात राहिल्या म्हणून. मी डोळ्यांनी बघितलेत.”

फुसेना म्हणाली, कुठले कोंब, कधीचे, मग त्या दिवशी का नाही बोललात, दिवसभर घंगाळाशी बसून होतात ना. सनातूजवळ याचं उत्तर होतं, पण ते उत्तर म्हणजे पोरीचं नाव होतं. तिने ते नाव घेतलं. घेताना तिला स्वतःचाच तिरस्कार वाटला.

फुसेना हळू आवाजात बोलायला लागली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. ती म्हणाली, “आता आमच्या सुनेवर ढकलता? तिचं बाळ रोज कोणाच्या मांडीवर असायचं, आक्का? त्याच्या अंगाला रोज कोणाचा हात लागायचा?”

हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं, आणि आता ते सगळ्यांच्या मनात होतं. सनातूने त्या बाळाला जन्मल्यापासून रोज चोळलं होतं. ताप चढला त्या रात्रीही चोळलं होतं, तळपायांना, छातीला. शेवटचं तेलही तिनेच लावलं होतं.

वुम्पिनीने मान वर केली. ती सनातूकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत आता चोरी नव्हती. तिथे दुसरंच काही आलं होतं. आत्तापर्यंत ती आपली चूक लपवत होती. आता तिला खरंच प्रश्न पडला होता.

नेंदौने विचारलं, सूनबाई, बियांना कोंब आले होते का?

“नाही,” वुम्पिनी म्हणाली.

सनातूला राग आला. आणि मग राग ओसरला आणि काहीच उरलं नाही. दाखवणार काय? राखेतले कोंब केव्हाच कुजून गेले होते.

नेंदौने डोळे पुसले. खोटे नव्हते पुसले. म्हणाला, “लोक म्हणतात, ज्यांचा हात वाईट ठरतो अशा बायकांना ठेवायला वेगळी गावं आहेत, तिकडे पाठवा. मी तुम्हाला तिकडे पाठवत नाहीये, वहिनी. तुम्ही तुमच्या भावाकडे जा. माझ्या भावाची बायको आहात तुम्ही, एवढं मी करणारच.” दोन्ही म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. नेंदौ फार चांगला वागला, असं गावात सगळे अजून म्हणतात.

तिसऱ्या दिवशी भावाचा मुलगा नापारी गाढवाची गाडी घेऊन न्यायला आला. तिशीचा, मनमिळाऊ गडी. त्याला कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे, पण त्याने आत्याचं गाठोडं उचलताना ते शर्टाला लागू दिलं नाही. सनातूने आढ्याचा भोपळा सोडवला आणि मांडीवर घेऊन बसली. मरण इथलं गेलं, पण तेल तर आपलं आहे.

गाडी हलायच्या आधी वुम्पिनी पाण्याचा वाडगा घेऊन आली. वाटेला लागणाऱ्याला पाणी द्यायचं असतं. तिने वाडगा खाली, चाकाजवळ ठेवला आणि दोन पावलं मागे झाली. सनातूने वाकून तो घेतला आणि प्यायली. तहान लागली होती. वाडगा तिने पुन्हा खालीच ठेवला.

रस्ताभर डावं चाक करकरत होतं. शियाची झाडं मागे जात होती. कुठलं झाड लवकर फळतं, कुठल्याच्या बियांना तेल जास्त, सगळी तिच्या ओळखीची. नापारी दोनदा म्हणाला की चाकाला तेल घालायला झालंय, पण राहूनच जातं. ती हूं म्हणाली.

भावाचं घर वाईट नव्हतं. भाऊ म्हातारा, डोळ्यांनी अधू, तिचा हात हातात घेऊन बराच वेळ बसला. भावजय लामी फार अदबीने वागली. खोली दिली, चटई दिली, वेगळा वाडगा दिला. घरात फेटायचं काम निघालं की लामी दोन्ही हातांनी तिला अडवायची, तुम्ही बसा हो वन्सं, आयुष्यभर केलंत, आता आराम करा. सनातू बसायची. समोर लामीची सून, म्हणजे नापारीची बायको, घंगाळात चुकीच्या वेळी कोमट पाणी घालायची, अर्धं लोणी वाया जायचं. सनातूची बोटं मांडीवर आपोआप हलायची. मग तिने मांडीखाली हात घालून बसायची सवय लावून घेतली.

आणि तुम्हाला एक सांगायला हवं. तिथे बसून बसून तिच्या मनात येऊ लागलं होतं की कोण जाणे. कोंब होते हे खरं. पण ते बाळ? रोज आपलाच हात होता. दोन मुली आपल्या होत्या, त्यांनाही आपणच चोळायचो. ती स्वतःच्या तळहातांकडे बघायची आणि तिला तिथे काही दिसायचं नाही, नुसत्या रेषा आणि भेगा. तरी बघायची.

धुळीचे वारे सुरू झाले. ओठ फुटायला लागले, टाचा फाटल्या, कोंबड्यांच्या डोळ्यांत माती जायला लागली. त्या दिवसांत नापारीच्या बायकोला मुलगी झाली. सातव्या दिवशी नाव ठेवलं. बकरा कापला, गूळ वाटला. सनातू कोपऱ्यात बसून होती. पोरीचं अंग त्या वाऱ्याने मगरीच्या पाठीसारखं खरखरीत झालं होतं, ती रात्रंदिवस किरकिरत होती, हे सनातू आठवडाभर बघत, ऐकत होती.

तिने रात्रभर विचार केला. सकाळी भोपळा काढून आणला. उघडून बघितलं, नाकाशी धरलं. चांगल्या वर्षाचं तेल होतं, हस्तिदंतासारखं पिवळसर, भाजलेल्या दाण्याचा वास अजून येत होता. मेल्यावर आपल्या अंगाला काय लागायचं ते लागेल, नाही लागलं तरी माती काही तक्रार करत नाही. ती लामीकडे गेली आणि जमिनीवर बसून, दोन्ही हातांनी भोपळा पुढे केला. म्हणाली, मी चोळत नाही, तुम्हीच चोळा. पण हे लावा. हे त्या सगळ्याच्या आधीचं आहे.

लामीने गुडघे टेकून, दोन्ही हातांनी भोपळा घेतला. म्हणाली, वन्सं, एवढं कशाला, हे तर तुम्ही स्वतःसाठी ठेवलेलं ना. सनातू म्हणाली, असू दे, पोरीला असू दे. लामीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी दुपारी पोर रडायची थांबली. सनातू भिंतीपलीकडून ऐकत होती. तिला बऱ्याच महिन्यांनी भूक लागली, आणि वाडग्यातलं सगळं तिने बोटाने निपटून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उन्हाला बसली होती. लामीची सून पोरीला पाठीला बांधून झाडत होती. पोरीचे पाय दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत होते, चकचकीत, गुलाबाच्या साबणासारखा उग्र वास येत होता. बाजारातल्या मलमाची डबी खिडकीत उघडी होती.

समोर नापारीने गाडी आडवी पाडली होती. डावं चाक काढून तो आसावर तेल थापत होता, सढळ हाताने, कोपरापर्यंत माखून. भोपळा त्याच्या पायाशी होता, जवळजवळ रिकामा. त्याने चाक चढवलं, गरगर फिरवून बघितलं. चाक कितीतरी वेळ फिरत राहिलं, अजिबात आवाज न करता.

त्याने सनातूला बघितलं आणि मोकळेपणाने हसला. भल्या घरचा मुलगा, मोठ्यांचं कौतुक करावं हे शिकलेला.

“आत्या,” तो म्हणाला, “तुमच्या हातच्या तेलाला तोड नाही. बघा, कसं गप्प झालंय.”

“हो बाबा,” सनातू म्हणाली. आणि तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले.